हाक

दगड फार मोठा नव्हता, नारळाएवढा असेल. होअर हागेनच्या जुन्या बेसाल्ट खाणीत मी वरच्या टप्प्यावर होते आणि माझ्याच बुटाखालून तो सुटला. खाली, माझ्याकडे पाठ करून, माझ्या प्राध्यापिका उभ्या होत्या. हातात ताजा फोडलेला तुकडा, डोळ्याला भिंग. घसाऱ्यावरून दगड उड्या घेत त्यांच्या दिशेने निघाला आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो! अहो, दगड!" त्या वळल्या नाहीत. कशा वळतील? जर्मनीतल्या एका टेकडीवर 'अहो' म्हणजे आपण, हे कुणाला कसं कळावं? दगड त्यांच्या उजव्या अंगाने, हातभर अंतरावरून गेला आणि खाली बीच वृक्षांच्या पाल्यात जाऊन थांबला. त्या आवाजाने त्या वळल्या. आधी दगडाकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. "तू काही म्हणालीस का?"

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. दोन्ही बाजूंना पिकत आलेले गहू होते आणि संध्याकाळचे सात वाजले तरी ऊन दुपारसारखं पसरलेलं. ड्रान्सफेल्डचं वळण मागे पडल्यावर त्या समोर बघतच म्हणाल्या, "नऊ आठवडे झाले. तू मला एकदाही नावाने हाक मारलेली नाहीस. आजसुद्धा नाही." आवाजात राग नव्हता. मी काहीतरी पुटपुटले, आमच्याकडे पद्धत नाही वगैरे. त्यांनी मान हलवली. पण घरापाशी मला सोडताना, इंजिन बंद न करता, हळूच विचारलं, "नाव आवडत नाही का माझं?"

ह्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तो प्रश्न अजून उतरलेला नाही.

पहिल्या दिवसापासून सांगायला हवं. मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन, भूशास्त्राची एक शिष्यवृत्ती घेऊन दहा आठवड्यांसाठी ग्योटिंगेनला गेले होते. पुण्यात तेव्हा चाळीसच्या वर तापमान होतं आणि तिथे मी सकाळी स्वेटर घालून प्रयोगशाळेत पोचले. प्राध्यापिका दारात येऊन उभ्या होत्या. साठीच्या आसपासच्या, केस बारीक कापलेले, हातांवर दगडाची पूड. मी "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्या गटात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, 'दू' म्हणतात, तूही म्हण. जर्मनमध्ये आपल्यासारखीच दोन सर्वनामं आहेत: 'झी' म्हणजे तुम्ही आणि 'दू' म्हणजे तू. वयाने किंवा मानाने मोठं असलेलं माणूस आपण होऊन 'दू' देऊ करतं, धाकट्याने ते मागायचं नसतं. वर्षानुवर्षं शेजारी राहूनही काहीजण 'झी'वरच थांबलेले असतात. म्हणजे त्यांनी मला दारातच, ओळख होण्याआधी, काहीतरी देऊ केलं होतं. मला ते फक्त सोय म्हणून ऐकू आलं.

मग त्यांनी माझं नाव विचारलं. माझ्या नावात 'ळ' आहे. पुण्यातही परप्रांतीय मैत्रिणी त्याचा 'ल' करतात आणि मी कधी दुरुस्त करत नाही. तिथेही म्हटलं, 'ल' चालेल. त्या म्हणाल्या, चालणार नाही, नीट शिकव. जीभ उलटी वळवून टाळूला लावायची आणि झटकन सोडायची, हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी वहीत काहीतरी खूण केली. दोन दिवस तो आवाज 'र'कडे झुकत होता, तिसऱ्या दिवशी 'ड'कडे. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी त्या दारातून आत आल्या आणि माझं नाव जसं आई घेते तसं घेतलं. प्रयोगशाळेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला घशात काहीतरी दाटून आलं आणि मी पटकन सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

त्यांनी माझा 'ळ' कमावला आणि मी त्यांचं दोन अक्षरी, सोपं नाव उच्चारू शकले नाही.

न उच्चारता नऊ आठवडे कसे निघतात, ते सांगते. त्यांच्याशी बोलायचं असेल तर मी त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहायचे, त्या वर बघेपर्यंत. कधी पाच मिनिटं जायची. त्या दुसऱ्या खोलीत असल्या तर दारावर टकटक करायची. ईमेल 'हॅलो'ने सुरू करायचे आणि पुढे स्वल्पविराम. इतरांशी बोलताना 'द प्रोफेसर'. इंग्रजीतला 'यू' ह्या बाबतीत मोठा सोयीचा, त्यात तू आणि तुम्ही दोन्ही लपतात. पण हाक कशात लपवणार? हाकेला नाव लागतं, नाहीतर नातं तरी लागतं.

आणि नात्यांची आमच्याकडे टंचाई कधीच नव्हती. आई बाबांना 'अहो' म्हणते. पलीकडच्या खोलीत असले तर 'ऐकलंत का', लोकांत असले तर माझ्या धाकट्या भावाला पुढे करून 'बाबांना सांग रे, निघायचंय'. मी आईला 'अगं' म्हणते, बाबांना 'अहो'. विठोबाला मात्र सगळं घर 'तू' म्हणतं. लहानपणी मला ह्यात काही चमत्कारिक वाटलं नव्हतं. जो सगळ्यात लांब तोही तू, जी सगळ्यात जवळ तीही तू, आणि मधल्या सगळ्यांना तुम्ही. आजीचं तर आणखी वेगळं. तिने आजोबांचं नाव घेतलेलं मी फक्त उखाण्यात ऐकलं. चुलतबहिणीच्या लग्नात सगळ्या बायकांनी धरून बसवलं तेव्हा सत्तरी उलटलेली आजी नव्या नवरीसारखी लाजली, पदर सारखा केला, आणि दोन ओळींच्या शेवटी यमकात गुंडाळून ते नाव एकदाचं म्हणाली. आजोबा तेव्हा हयात होते, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. मान खाली घालून सुपारी कातरत होते, आणि अडकित्ता थांबला होता.

हे सगळं घेऊन मी कॉलेजात आले. आणि कॉलेजने त्यावर आणखी एक थर चढवला. पहिली तीन वर्षं मी मुख्यतः एक रोल नंबर होते: हजेरीला 'चौतीस', 'यस सर'. प्रॅक्टिकलला पाच जणांत एक सूक्ष्मदर्शक, त्यात तिसरा नंबर लागेपर्यंत बेल व्हायची. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दगड हातात देऊन विचारलं, "काय आहे?" मी म्हणाले, "सर, मला वाटतं…" ते म्हणाले, "वाटतं काय? सांगा." त्या दिवसानंतर मी वर्गात काही वाटून घेणं सोडलं. शंका असली तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. ते पान भरून मागच्या बाजूला आलं. विचारायला हात वर केला की आधी 'सर' म्हणावं लागे, आणि त्या एका शब्दातच माझा आवाज अर्धा व्हायचा, पुढच्या प्रश्नासाठी काही उरायचंच नाही.

पण मग फील्डवरचे सर आठवतात आणि हे सगळं एवढं सरळ राहत नाही. तेही 'सर'च. वरंधा घाटात, जून लागायच्या आधीच्या उकाड्यात, नमुन्यांची पोती स्वतःच्या पाठीवर घेऊन चढणारे. लाव्हाच्या दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा दिसला की लहान मुलासारखे पळत जायचे. "हात लावल्याशिवाय दगडाबद्दल बोलायचं नाही," असं म्हणायचे. एकदा नाणेघाटाकडे जाताना एसटी चुकली, आम्ही सतरा जण जुन्नरच्या स्टँडवर रात्र काढायला बसलो. सरांनी कुठूनतरी दोन किलो भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि पहाटेपर्यंत आमच्याकडून थरांची नावं पाठ करून घेतली: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही सगळी गावं, एकावर एक रचलेली. त्या माणसाला मी 'सर' म्हणते तेव्हा तो शब्द भिंतीसारखा नसतो, उंबऱ्यासारखा असतो. त्याच दोन अक्षरांत परीक्षकही बसतात आणि तेही बसतात. माझ्या जिभेला फरक कधी करता आला नाही, एवढंच.

ग्योटिंगेनमधल्या संध्याकाळी मी ह्याच सगळ्याचा विचार करत चालायचे. रात्री दहापर्यंत उजेड असायचा आणि त्या उजेडाचं काय करायचं ते कळायचं नाही. आपल्याकडे दिवेलागणीला घरी यायचं असतं. तिथे दिवेलागण अशी होतच नव्हती. जुन्या गावाभोवतीच्या तटावरून फिरायला वाट आहे, दोन्ही बाजूंना लिंडेनची झाडं. जूनच्या शेवटी ती फुलली आणि सगळ्या गावाला मधासारखा वास सुटला. खाली रस्त्यावर स्ट्रॉबेरीची टपरी, सायकलींच्या घंटा. रविवारी मात्र दुकानं बंद, आणि अशी शांतता की खोलीत कुकरची शिट्टी झाली तर मलाच दचकायला व्हायचं. चौकात हंस सांभाळणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, कारंज्यावर. डॉक्टरेट मिळालेली मुलं फुलांनी सजवलेल्या हातगाडीतून मिरवत येतात, कारंज्यावर चढतात आणि त्या मुलीचा गालगुच्चा नाही, चक्क मुका घेतात. त्या मुलीला सगळं गाव 'गेन्झेलीझेल' म्हणतं, म्हणजे हंसवाली लीझा. पुतळ्यालासुद्धा लाडाचं नाव.

तिथल्याच एका संध्याकाळी मला कीलहॉर्न आठवले. आमच्या पुण्यात ते डेक्कन कॉलेजला १८६६ ते १८८१ अशी पंधरा वर्षं संस्कृतचे प्राध्यापक होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबईत छापली गेली. पुणं सोडल्यावर ते ह्या ग्योटिंगेनलाच प्राध्यापक झाले आणि १९०८ साली वारले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ह्याच विद्यापीठाने १८८५ साली सन्मान्य डॉक्टरेट दिली. मुळा-मुठेच्या काठावरून लाइने नदीच्या काठी आलेली मी काही पहिली नव्हे. मला तटावरून चालताना एकच कुतूहल वाटायचं: पुण्यातल्या शास्त्र्यांशी बोलताना कीलहॉर्न काय म्हणत असतील? 'शास्त्रीबुवा'? आणि त्यांचे विद्यार्थी त्यांना? आणि इथे परत आल्यावर, कुणी 'साहेब' म्हणत नसताना, त्यांना चुकल्यासारखं वाटलं असेल का? 'ळ' त्यांना नक्की येत असणार. ऋग्वेदाची पहिलीच ऋचा 'अग्निमीळे' आहे.

दगडांच्या बाबतीत मात्र मी तिथे परकी नव्हते. होअर हागेन ही ग्योटिंगेनच्या पश्चिमेची विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी. गणिती गाउसने जमीन मोजताना त्याच्या मोठ्या त्रिकोणाचा एक कोन हिच्यावर ठेवला होता, दुसरा ब्रोकेन डोंगरावर आणि तिसरा इन्सेल्सबर्ग डोंगरावर. त्याच्या स्मरणार्थ इथे एक मनोरा उभारला, पण खालून बेसाल्ट खणत खणत गेल्यावर १९६३ साली तो कोसळला, आता आहे तो नंतरचा. हा बेसाल्ट आपल्यापुढे वयाने पुष्कळ लहान. त्यात ऑलिव्हिन ह्या खनिजाचे हिरवट दाणे दिसतात, आपल्या दख्खनच्या कातळात ते असे सहसा दिसत नाहीत. तरी पहिल्यांदा हातोडा मारल्यावर जो आवाज आला, तो ओळखीचा होता. खणखणीत, किंचित धातूसारखा. आमच्या परसातल्या पाट्यावर वरवंटा आदळला की येतो तो.

मी पुण्याहून दोन नमुने नेले होते. एक वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट, म्हणजे पांढऱ्या स्टिलबाइट खनिजावर फुललेला बोराच्या आठोळीएवढा निळा गोंडा, प्राध्यापिकांना भेट म्हणून. आणि एक साधा काळा तुकडा, आमच्या गावच्या ओढ्यातला. निळा त्यांना आवडला, त्यांनी तो खिडकीत ठेवला. पण काळ्याचं त्या म्हणाल्या, "चल, ह्याचा काप करू." दगडाचा काप म्हणजे पातळ चकती काचेवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या पुडीवर घासत जायची, ०.०३ मिलिमीटर जाडी उरेपर्यंत. कातळ तेवढा पातळ झाला की त्यातून उजेड आरपार जातो. पुण्यात हे काम आमच्या विभागातले मामा करतात, आम्हाला तयार काप मिळतो. तिथे त्यांनी मला शेजारी उभं करून, माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून, इंग्रजी आठाच्या आकारात घासायला शिकवलं. दोन काप फुटले. तिसरा जमला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रकाश गाळणारा ध्रुवक फिरवला तेव्हा प्लेजिओक्लेज ह्या खनिजाच्या करड्या-पांढऱ्या काड्या आणि त्यांच्यामध्ये पायरोक्सिन ह्या दुसऱ्या खनिजाचे पिवळे, जांभळे, निळे तुकडे उजळले. माझ्या आजीच्या ओढ्यातला काळा धोंडा आतून असा होता. मी मागे वळले, त्यांना बोलवायला. त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. तोंड उघडलं, आणि नेहमीसारखं काहीच निघालं नाही. चालत जाऊन शेजारी उभी राहिले. दगड सुटला तो ह्यानंतरच्या आठवड्यात.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना एक कार्ड दिलं. त्यावर त्यांचं नाव लिहिलं होतं, देवनागरीत, ठळक. त्यांनी विचारलं, हे काय आहे. मी बोट ठेवून म्हणाले, "हे तुमचं." त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि वाट पाहिली. मी वाचून दाखवेन असं त्यांना वाटलं असावं. मला ते कळत होतं. त्या दोन-तीन सेकंदांत मला सगळं कळत होतं. मग कुणीतरी केक कापायला बोलावलं.

परत आल्यावर पहिल्यांदा मी काप करायच्या खोलीत गेले. मामा यंत्रावर वाकलेले, कानात कापूस, अंगभर करडी पूड. चार वर्षं ह्यांनी घासलेल्या कापांवर मी मार्क मिळवले आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी विचारलं. त्यांनी यंत्र बंद करून, कापूस काढून, वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट पूर्ण सांगितलं, जसं शाळेत उभं राहून सांगतात तसं. मग म्हणाले, "का गं, फॉर्म भरायचाय का काही?" मी नाही म्हणाले. त्यांना मी अजूनही मामाच म्हणते. एकदा नावाला 'काका' जोडून हाक मारून पाहिली, ते वळले नाहीत.

गौरीला गावी गेले. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला. सोप्यावर आजी आणि मी गौरीचं सामान मांडत होतो आणि मी तिला त्या दगडाची गोष्ट सांगितली. हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं. ती हातातला दोरा खाली ठेवून बसली. मग तिने जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ११ डिसेंबर १९६७. लग्नाला सात महिने झालेले. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. कोयनेचा तो भूकंप आमच्या अभ्यासक्रमात आहे, धरणाच्या पाण्याच्या दाबाने होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून सगळ्या जगात शिकवतात. मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. पण आजोबा त्या रात्री गोठ्यात निजले होते आणि गोठ्याची भिंत आत पडली, हे त्या उत्तरात नव्हतं. काळोख, धुरळा, जनावरं हंबरताहेत. आजी बाहेर आली आणि तिने हाक मारली.

"काय म्हणून मारलीस?" मी विचारलं.

"नाव घिऊन," आजी म्हणाली. "सात म्हैन्यांत पयल्यांदा. सासू-सासरं समूर हुतं. कसली लाज तवा? मानूस गाडलं जात हुतं." आजोबांनी आतून ओ दिली, त्या आवाजावरून लोकांनी दगड उपसले. नंतर महिनाभर सासू तिला काही बोलली नाही आणि तिनेही पुन्हा कधी त्या नावाने हाक मारली नाही. "पर त्येन्ला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "येकदा घेतलेलं म्हाईत हुतं."

बाहेर पावसाची सर येऊन गेली होती. अंगणातल्या कातळावरून पाणी वाहत होतं आणि त्याचा तो गार, लोखंडी वास येत होता. आजीने दोरा परत हातात घेतला. थोड्या वेळाने विचारलं, "काय नाव म्हनायचं त्या बाईंचं?"

मी सांगितलं. मोठ्याने, पहिल्यांदाच. इथे लिहीत नाही, ते त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे. आजीला ते नीट ऐकू आलं नाही. "काय?" ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. तिने जीभ घोळवून पाहिलं, पहिलं अक्षर लांबवलं, शेवटचं आपल्या पद्धतीने मऊ केलं. मी म्हटलं, असं नाही, आजी, असं. ती पुन्हा म्हणाली. मग मी. मग ती.